माझे बाबा ‘पारंपरिक’ झाले

ऑटोवाल्याने फोनवर गाणं लावलं. ऑफिस सुटलं होतं, ऑटो पंचवटी चौकाच्या सिग्नलला उभा होता आणि माझ्याशेजारी क्लासला निघालेल्या दोन मुली बसल्या होत्या. पेटीचे चार सूर वाजले आणि माझ्या अंगावर काटा आला. ती चाल मी कळायला लागल्यापासून ऐकत आलो होतो. माझ्या बाबांचं गाणं, माझ्या भाच्याच्या आवाजात, अमरावतीच्या एका अनोळखी ऑटोत वाजत होतं.

ऑटोवाला तरुण होता. आरशात माझी मान हलताना बघून म्हणाला, “अच्छा है ना, चाचा? अपने अकोले का लौंडा है. पूना-वूना छोडके वापस आ गया.”

थोडा वेळ मी दम धरला. मग राहवलं नाही. “मेरा भांजा है,” मी म्हणालो. “और गाना मेरे बाप का है. रुको, आखिर में नाम आयेगा उनका.”

मुलींनी कानातले इअरफोन काढले. ऑटोवाल्याने आवाज वाढवला. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न मारायला लागले, पण तो पठ्ठ्या बाजूला घेऊन थांबला. शेवटचा अंतरा आला. त्यात बाबांचं नाव नव्हतं. जिथे ते यायला हवं होतं तिथे माझ्या भाच्याने गाण्यासाठी स्वतःला घेतलेलं नाव आलं, त्यावर ठेका तुटला आणि गाणं संपलं.

“कहाँ आया, चाचा?” त्याने विचारलं. चेष्टेने नव्हे. त्याला वाटलं, रस्त्याच्या गोंगाटात आपलंच ऐकायचं राहिलं. त्याने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. मी पुढच्या चौकात उतरून गेलो. घर अजून बरंच लांब होतं.

माझे बाबा अकोल्याच्या कापूस बाजारात हमाल होते. दिवसा पाठीवर कापसाच्या गाठी आणि संध्याकाळी वस्तीतली गायन पार्टी. एक पेटी, एक ढोलकी, मागून ध्रुपदाची झील धरायला चार-पाच जण. जयंतीच्या दिवसांत टेम्पोत बसून ही मंडळी गावोगाव जायची. बाबा गात बरे होते, पण त्यांची ओळख गाण्याची नव्हती, लिहिण्याची होती. लिहिण्याची म्हणजे खरं तर रचण्याची. कागदावर ते क्वचितच उतरवायचे. गाठ उचलताना ओळ सुचायची आणि घरी येईपर्यंत कडवं तयार असायचं.

या गाण्यांना एक रीत होती. शेवटच्या अंतऱ्यात कवी आपलं नाव घालतो. त्याला छाप म्हणतात. आमच्या लोकांची गाणी कोणी छापत नव्हतं, रेकॉर्ड करत नव्हतं, त्यामुळे गाणं कोणाचं याला पुरावा एवढाच, त्या एका ओळीतलं नाव. बाकी गाण्यावर कोणाची मालकी नसायची. धामणगावची पार्टी अकोल्याच्या कवीचं गाणं बिनदिक्कत गायची, चाल बदलायची, मधलं एखादं कडवं विसरायची. कोणी काही म्हणायचं नाही. पण छाप गाळली तर मात्र ती चोरी. त्यावरून भर कार्यक्रमात गाणाऱ्याच्या पुढची पेटी ओढून घेतलेली मी पाहिली आहे. बाबा म्हणायचे, “गाणं कोणीबी गा, मले आत राहू द्या म्हणजे झालं.”

त्यांचं सगळ्यांत चाललेलं गाणं आमच्या आईवरचं. आई जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होती. संध्याकाळी घरी यायची तेव्हा सरकीतून उडालेल्या कापसाने तिचं डोकं पांढरंफेक झालेलं असायचं. मी लहान असताना तिला बघून रडायचो, माय म्हातारी झाली म्हणून. त्यावर बाबांनी रचलं होतं:

पांढरं डोकं घेऊन माय जिनावरून आली,
न्हाणीतून निघाली तवा पुन्हा तरणी झाली.

हे गाणं जयंतीला हमखास व्हायचं. बायका डोळे पुसत ऐकायच्या, आणि शेवटच्या ओळीत बाबांचं नाव आलं की पार्टीतले ढोलकीवाले काका एक जोरकस थाप द्यायचे. बाबा गेल्यावरही ती थाप कधी चुकली नाही.

आता भाच्याबद्दल. तो माझ्या मोठ्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. बारावीनंतर इंजिनिअरिंगला अमरावतीत नंबर लागला आणि तो आमच्या घरी राहायला आला. पहिल्या वर्षी शांत होता. दुसऱ्या वर्षी माझ्या बायकोने मला हळू आवाजात सांगितलं की हा कपाटाचं दार उघडून साड्यांमध्ये डोकं घालतो आणि बडबडतो. “पोट्ट्याले कोणी काही केलं तर नाई ना?” ती म्हणाली. मी जाऊन पाहिलं तर खरंच त्याची मान कपाटात, एका हातात फोन, आणि दुसऱ्या हाताने हवेत ताल मोजणं चाललेलं. मला म्हणाला, साड्या आणि गोधड्या आवाज पितात, मामा, म्हणजे खोलीचा घुमारा येत नाही. तो रॅप करत होता.

मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण शब्द कळत होते. तो पुस्तकी मराठीत लिहायचा. मी म्हटलं, घरात जसं बोलतोस तसं लिही. ‘कशाला’ काय म्हणतोस, ‘काहून’ म्हण. तेव्हापासून आमची एक पद्धत पडली. गाणं कच्चं तयार झालं की तो मला पाठवायचा. मी ऐकायचो, एखादा शब्द सुचवायचो आणि शेवटी लिहायचो, “टाक.” मी ‘टाक’ म्हटल्याशिवाय त्याने एकही गाणं बाहेर सोडलं नाही. मला याचा अभिमान होता, तो मी लपवत नाही. बाबांचं रचणं माझ्यात उतरलं नव्हतं. एक पिढी गाळून ते याच्यात उतरलं आणि मी मधला पूल झालो, असं मी मनाशी धरून होतो.

तिसऱ्या वर्षी त्याने कॉलेज सोडलं आणि पुण्याला गेला. भाऊजींनी त्याचा दोष मला दिला. माझ्याशी बोलणं बंद केलं, ते अजून धड सुरू झालेलं नाही. पुण्यात तो दिवसा लोकांच्या घरी जेवणाची पार्सलं पोचवायचा आणि उरलेल्या वेळात गाणी करायचा. कोणती कंपनी नाही, कोणाचा हात डोक्यावर नाही. लिहिणार तो, बीट बसवणार तो, नेटवर टाकणारही तोच. तिथल्या एका गाणाऱ्या पोराने त्याला सांगितलं की तुझी भाषा ऐकली की वाटतं तू भांडतोयस. त्यावर याने गाणंच केलं, “आमी भांडून नाई राहिलो, बोलून राहिलो.” ते वऱ्हाडातल्या पोरांनी डोक्यावर घेतलं. अकोल्यात लग्नाच्या वरातीत वाजलं. मग एक दिवस त्याने फोन केला की मामा, मी वापस येऊन राहिलो. माझे ऐकणारे तिकडे आहेत तर मी इकडे पार्सलं काहून वाटू?

तो अकोल्याला परत आला. वस्तीजवळच एका बंद पडलेल्या दुकानाच्या वरची खोली घेतली, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवले आणि त्याला स्टुडिओ म्हणायला लागला. वस्तीत कोण आनंद. जयंतीच्या कार्यक्रमात त्याला गायला बोलवायचं मंडळाने लगेच ठरवलं. ज्या मैदानावर लहानपणी मांडीवर बसून त्याने आजोबांची पार्टी ऐकली, तिथे त्याचा पहिला कार्यक्रम होणार होता.

त्यासाठी त्याला आजोबांचं गाणं हवं होतं. तो अमरावतीला आला, जेवला, आणि मी त्याला सगळं गाणं म्हणून दाखवलं. त्याने फोनमध्ये घेतलं. शेवटचा अंतरा मी दोनदा म्हटला. छापेची रीत समजावून सांगितली. बाकी काय करायचं ते कर, ही ओळ तेवढी हलवू नको, असं बजावलं. तो “हो, मामा” म्हणाला.

काही दिवसांनी कच्चं गाणं आलं. सोबत त्याने लिहिलं होतं, “मामा, शेवटपर्यंत ऐकजा. शेवटी थोडं बदललं. पटलं नाई तर सांगजा.” मी ते वाचलंच नाही असं बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. वाचलं होतं. मला वाटलं, ठेका बदलला असेल. ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मी गाणं सुरू केलं. ‘पांढरं डोकं घेऊन माय’ हे शब्द त्याच्या तोंडून आले आणि मला रडू फुटलं. साहेबांचा शिपाई वर येताना दिसला म्हणून मी घाईने गाणं बंद केलं. पुढचं ऐकलं नाही. शेवटच्या अंतऱ्यात काय आहे हे आम्ही गायन पार्टीची माणसं ऐकून तपासत नाही. तिथे कवी असतो, हे धरलेलंच असतं. मी त्याला लिहिलं, “बाबा असते तर नाचले असते. टाक.”

त्या दिवशी ऑटोतून उतरून पायी घरी गेलो आणि गाणं पूर्ण ऐकलं. बाबांच्या शेवटच्या अंतऱ्याच्या जागी त्याने नवा अंतरा लिहिला होता. तो त्याच्या आईवर होता. माझी बहीण दाल मिलमध्ये कामाला जाते. संध्याकाळी तिच्या पापण्यांवर डाळीचा पिवळा भुगा बसलेला असतो. त्याने लिहिलं होतं की आजीचं डोकं पांढरं, मायच्या पापण्या पिवळ्या, आता माझ्यावर कोणता रंग चढतो ते बघा, आणि मग स्वतःचं नाव. अंतरा चांगला होता. वाईट असता तर मला एवढं लागलं नसतं. गाण्याखाली माहिती लिहायची जागा असते, तिथे लिहिलं होतं: शब्द, संगीत पारंपरिक.

पारंपरिक म्हणजे कोणाचंच नाही. ओव्या पारंपरिक असतात, पाळणे पारंपरिक असतात. माझ्या बाबांच्या पाठीवर गाठी उचलून घट्टे पडले होते. ते पारंपरिक नव्हते.

मी त्याला फोन लावला. तो घाबरला नाही, हे मला आवडलं नाही. म्हणाला, टाकताना कवीचं नाव भरलं की वारसांचे कागद मागतात, म्हणून एका दोस्ताने सांगितलं तसं भरलं. आणि अंतऱ्याचं विचारलं तर म्हणाला, “आजोबानं आजीवर लिवलं, मी माह्या मायवर लिवलं. मी लिवलेल्या ओळीत आजोबाचं नाव कसं घालू, मामा? ते खोटं नाई का? आणि तुमीच तर टाक म्हणाले.” मी म्हटलं, मी शेवट ऐकला नव्हता. त्यावर तो म्हणाला की गाणं आता लोकांच्या फोनमध्ये गेलं, ते मागे कसं घेऊ. मी फोन ठेवून दिला.

शनिवारी मी अकोल्याला गेलो. बसमध्ये बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत मी बहिणीला काय सांगायचं ते जुळवत होतो. बाबा तिचेही होते. ती पोराचा कान धरेल, एवढी मला खात्री होती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं. हातातली मेथी निवडणं थांबवलं नाही.

“मले मालूम हाय,” ती म्हणाली. “मीच त्याले म्हटलं, टाक म्हणून.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, ताई, बाबाचं नाव गेलं त्याच्यातून.

“बाबाच्या गाण्यात मी कधी होती, भाऊ? मागं बसून झील धरली, चहा केला, टेम्पोत माह्यासाठी जागा नव्हती म्हणून घरी राहिली. माह्यावर कोणी ओळ लिवली नाई. पोरानं लिवली.” मग मान वर न करता तिने विचारलं, “तुह्या पोरीले येते का ते गाणं?”

माझी मुलगी नागपूरला नोकरीला आहे. तिला ते गाणं येत नाही. मी चहा न घेता उठलो. ज्या घरात मी तिच्या मुलाची बाजू घेऊन भाऊजींच्या शिव्या खाल्ल्या, त्याच घरात ती मला हे ऐकवत होती. भाचा तरुण आहे, चुकला, असं मी म्हणू शकलो असतो. ताईने बाबांना सोडलं, हे मला सोसलं नाही.

तिथून मी थेट विहारात गेलो. मंडळाची बैठक चालू होती. मंडपवाला, पाण्याचा टँकर, कोण कधी गाणार, असं चाललं होतं. बाहेर लावलेल्या फलकावर भाच्याचा मोठा फोटो होता. मी उभा राहून सगळं सांगितलं. तरुण पोरं चुळबुळ करायला लागली. एकजण म्हणाला, काका, जमाना बदलला, आजकाल असंच असते. पण मंडळातले जुने लोक बाबांना ओळखणारे होते. छाप गाळली एवढं ऐकल्यावर त्यांना पुढचं ऐकायची गरज नव्हती.

ढोलकीवाले काका आता फार थकले आहेत. त्यांनी मला जवळ बोलावलं. सगळे थांबले, कारण त्यांचा आवाज बारीक झालाय.

“त्यानं टाकायच्या अगोदर तुले इचारलं होतं का?”

“नाई,” मी म्हणालो.

मी हे लिहायला बसलो ते या एका शब्दासाठी. खरं उत्तर लांबलचक होतं. त्याने विचारलं होतं, मी अर्धवट ऐकलं होतं, मी हो म्हटलं होतं. ते सांगितलं असतं तर काकांनी मलाच शिव्या दिल्या असत्या, आणि गोष्ट दोन घटकांत मिटली असती. पण माझ्याशी दगा झाला होता, आणि तो पुरता दगा दिसावा असं मला वाटत होतं. त्यात माझा वाटा असलेला मला चालणार नव्हता.

मंडळाने भाच्याला बोलावून घेतलं. तो चप्पल काढून आत आला, सगळ्यांच्या पाया पडला, माझ्याही पडला. त्याला सांगण्यात आलं की गाणं म्हणायचं असेल तर आजोबांचा शेवटचा अंतरा जसाच्या तसा म्हणावा लागेल. नाहीतर या मैदानावर ते गाणं होणार नाही.

“मामाले ऐकवलं होतं मी,” तो म्हणाला.

“थो नाई म्हणते,” काका म्हणाले.

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढला. माझा निरोप त्यात होता, ‘टाक’ हा शब्द त्यात होता. अंगठ्याने थोडं वर सरकवायचा अवकाश होता. मी खाली सतरंजीकडे बघत होतो, पण त्याचा हात मला दिसत होता. त्याने फोन परत खिशात ठेवला.

“मंग नाई ऐकवलं असन,” तो म्हणाला. “पण थो अंतरा माह्या मायचा हाय. मी थो काढत नाई. मी नाई गात, काका. तुमी आपला कार्यक्रम करा.”

त्याने भांडण केलं नाही. पोरांपैकी कोणीतरी मोठ्याने काही बोलायला लागला तर त्यालाच गप्प केलं आणि चपला घालून गेला. मला सुटल्यासारखं वाटलं. त्यानंतर बराच वेळ मला एवढंच वाटत होतं की जिंकलो.

जयंतीच्या दोन दिवस आधी तो पुण्याला निघून गेला. ताईने मला कळवलं नाही, मला मंडळाच्या माणसाकडून कळलं. मोकळ्या झालेल्या वेळात तुम्हीच वडिलांचं गाणं म्हणा, असा त्या माणसाचा आग्रह होता. मी गेलो. पांढरा सदरा घातला, बाबा घालायचे तसा. माझ्या बायकोने विचारलं, पोरगा नाही तर तुम्ही काहून गाता? मी म्हटलं, गाणं बाबांचं आहे.

संध्याकाळी मैदानात निळे झेंडे, दिव्यांच्या माळा, सगळं दरवर्षीसारखं होतं. मंडपात माणसं मात्र विरळ होती. तरुण पोरं भाच्यासाठी येणार होती, ती आली नाहीत. काही रस्त्यावर मोटारसायकलींना टेकून उभी होती आणि आमच्याकडे पाठ करून फोन बघत होती. समोर म्हातारे, बायका आणि खेळणारी लेकरं. ताई बायकांमध्ये पुढेच बसली होती.

मी गायलो. माझा आवाज काही बाबांसारखा नाही, पण बरा लागला. ‘पांढरं डोकं घेऊन माय’ म्हटल्यावर बायकांनी झील धरली. ताईने धरली नाही. ओठ मिटून बसली होती. या गाण्याला ती गप्प बसलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती. मी एकेक कडवं पुढे गेलो. शेवटचा अंतरा आला. मी बाबांचं नाव घेतलं, भोंग्यातून ते सगळ्या वस्तीवर गेलं आणि काकांची थाप बरोब्बर पडली.

खोटं सांगत नाही, त्या क्षणी मला आनंद झाला. नाव आलं, गेलेलं नाव जागेवर आलं. मी डोळे उघडले तर ताई उठून चालायला लागली होती. रस्त्यावरच्या पोरांनी तिला वाट करून दिली. एकाने तिच्या हातातली पिशवी घेतली. टाळ्या वाजत होत्या, त्या मी ऐकून घेतल्या आणि खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांच्या घरी जाऊन सांगितलं की मी खोटं बोललो होतो, त्याने विचारलं होतं. ते ओट्यावर बसून ढोलकीच्या दोऱ्या आवळत होते. मला वाटलं, ते रागावतील. ते म्हणाले, मले काहून सांगून राहिला? आणि दोऱ्या आवळत राहिले.

मी भाच्याला फोन केला. त्याने उचलला, नेहमीसारखं “बोला मामा” म्हणाला. मी सगळं कबूल केलं. त्याला ते माहीतच होतं, मग कबूल करून काय झालं, कोण जाणे. त्याने मला सांगितलं की त्याने ते गाणं नेटवरून काढून टाकलं. सगळीकडून. आता शोधलं तरी सापडणार नाही.

“आता कोणाचंच नाव नाई त्याच्यात,” तो म्हणाला. “झालं ना, मामा?”

त्याचा आवाज चिडलेला नव्हता. मी चिडलो. अजूनही चिडलेलो आहे. माझी चूक मला दिसते, मी ती चार माणसांत केली आणि ती त्याने चार माणसांत झाकली, हेही दिसतं. पण बाबांचं गाणं पहिल्यांदा वस्तीच्या बाहेर गेलं होतं, ऑटोत वाजत होतं, अनोळखी पोरींनी इअरफोन काढून ऐकलं होतं, आणि त्याने ते पुसून टाकलं. त्याला काय हक्क होता? हा प्रश्न मी त्याला विचारला नाही. माझा हक्क त्याने विचारला असता तर मला सांगता आलं नसतं.

महिना उलटल्यावर भाऊजींचा निरोप आला की दुकानाची वरची खोली सोडायची आहे, घरमालकाला भिंती साफ करून हव्या आहेत, आणि त्यांची कंबर धरली आहे. त्यांनी आपण होऊन मला निरोप द्यावा याचंच मला अप्रूप वाटलं. मी रविवारी गेलो. ताई आधीच तिथे होती. पदर खोचून, स्टुलावर चढून भिंतीवरचे अंड्यांचे ट्रे उचकटत होती. पुठ्ठ्याबरोबर रंगाचे पोपडे निघत होते आणि ते तिच्या डोक्यावर, खांद्यावर पडत होते. मला बघून ती म्हणाली, “इकडलं मी काढून राहिली. तू तिकडून घे.”

आम्ही दोन टोकांनी काम सुरू केलं. काही ट्रे डिंकाने चिकटवले होते, ते ओले करून खरवडावे लागत होते. खिडकी उघडी होती. वापरात नसलेल्या खोलीत ट्रे निघतील तसतसा आमच्याच हालचालींचा आवाज वाढत गेला. ताईने स्टूल सरकवलं तरी ते सगळ्या खोलीत घुमायचं.

“तू त्याले फोन केला होता म्हणे,” ती म्हणाली.

“हो. काल पुन्हा केला.”

“काय म्हटलं?”

“म्हटलं, गाणं परत टाक. जसं होतं तसं. तुहा अंतरा राहू दे, तुहं नाव राहू दे. बाबाचं नाई घातलं तरी चालते.”

तिचा हात थांबला. हे बोलायला मला किती दिवस लागले ते तिला ठाऊक असावं, कारण तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

“मंग?”

“नाई म्हणे. म्हणे, तुमी आता हो म्हणता, मामा, पण पुरं ऐकल्याशिवाय म्हणू नका. आणि आता ऐकाले ते राहिलंच नाई.”

ताई थोडी हसली की नुसता श्वास सोडला, ते मला कळलं नाही. तिने पुढचा ट्रे दोन्ही हातांनी धरून ओढला. तो अर्धाच निघाला, अर्धा भिंतीला राहिला.

“पाणी आण थोडं,” ती म्हणाली. “हे असं नाई निघत.”

मी बादली घेऊन खाली गेलो.